लाल सोडून सगळे

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी बायकोने आणून दिली. म्हणाली, "बोलत नाहीस, तर निदान लिही." मी आधीपासूनच फारसा बोलका नाही, पण तिचं म्हणणं असं की दादा गेल्यापासून घरात रेडिओ बंद पडल्यासारखं झालंय. वाद घालण्यापेक्षा डायरी घेतलेली बरी. कामाच्या नोंदींना वापरतो, म्हणजे वाया जायची नाही. संध्याकाळी ऑफिसातले बहुतेक गेले की थोडा वेळ मिळतो.

तर आजची नोंद. आमचा चित्रकार नोकरी सोडून गेला. चित्रकार हे आम्ही ठेवलेलं नाव. स्क्रीन कशी दिसावी ते तो ठरवायचा: बटणं, अक्षरं, रंग. निरोपाचा केकसुद्धा त्याने टेबलाच्या बरोबर मध्यावर सरकवला आणि मगच कापला. तो गेल्यावर होईलसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे आमचे मालक. गिऱ्हाईक काहीही मागो, ते "होईल" म्हणतात आणि मग ते कसं होणार याचा विचार आम्ही करतो. म्हणाले, "कोड तुझाच आहे. आता फक्त रंग राहिलेत. रंगच तर निवडायचेत, होईल."

काम हॉस्पिटलच्या वॉर्डचं आहे. नर्सेसच्या टेबलासमोर भिंतीवर एक मोठी स्क्रीन, तिच्यावर प्रत्येक कॉटचा एक चौकोन. पेशंटची नाडी, श्वास, ऑक्सिजन हे आकडे यंत्रांतून येतात, माझा कोड त्यांचा हिशेब लावतो आणि चौकोनाला रंग देतो. ठीक आहे, लक्ष ठेवा, डॉक्टरांना कळवा, ताबडतोब धावा. अशा चार पायऱ्या. चित्रकाराने हिरवा, पिवळा, केशरी आणि लाल असे ठेवून दिलेत. खेळण्यांच्या दुकानासारखं दिसतं. हे बदलायला हवं.

रंगांमधलं मला काही कळत नाही. माझे शर्टसुद्धा बायको निवडते. एकदा मी स्वतः निवडलेला शर्ट घालून एका समारंभाला गेलो, तर केटररच्या माणसाने मला त्यांच्यातलाच समजून ग्लासांचा ट्रे हातात दिला. मी तो फिरवलाही.

८ जानेवारी, बुधवार

वाचन चालू आहे. रंगांचं एक चक्र असतं. चक्रात समोरासमोर बसलेले रंग एकमेकांना खुलवतात, शेजारी बसलेले एकमेकांना सांभाळून घेतात. ऐकायला फार छान. प्रत्यक्षात समोरासमोरचे चार घेतले तर स्क्रीन भांडायला उठते आणि शेजारचे चार घेतले तर कोण कुठला ते कळत नाही.

दिवसभर जोड्या लावत बसलो. मोरपंखीबरोबर शेंदरी. जांभळ्याबरोबर पोपटी. आमची टेस्टर शेजारच्या टेबलावर बसते. मी केलेल्या कामातल्या चुका काढायचा तिला पगार मिळतो, पण ती हे काम हौसेनेही करते. एकदा मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "हे वॉर्डसाठी आहे की सर्कससाठी?"

संध्याकाळी एक शोध लागला. प्रत्येक रंगाचा जोर कमी-जास्त करायची एक पट्टी असते. ती खाली ओढली की रंगातला आवाज कमी होतो. चारही रंगांची पट्टी ओढत गेलो आणि भांडण मिटलं. कुठलेही दोन रंग पुरेसे फिके केले की ते एकमेकांशी जमतात. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

१४ जानेवारी, मंगळवार

वॉर्ड बघायला गेलो. हे हॉस्पिटल वेगळं, दादाचं शहराच्या पार त्या टोकाला होतं. वास मात्र सगळीकडे तोच.

वॉर्डच्या प्रमुखांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा साखळीने गळ्यात लटकवलेला. म्हणाल्या, "तुम्ही कॉम्प्युटरवाले का? खुर्ची नाही बसायला. उभ्यानेच बोलू, आम्हीही दिवसभर उभ्याच असतो."

मी प्रश्न लिहून नेले होते. स्क्रीन किती अंतरावरून बघणार, कोण बघणार, उजेड कुठून येतो, दुपारी काय आणि संध्याकाळी काय. दोन प्रश्न झाले. तेवढ्यात पलीकडच्या एका कॉटशेजारच्या यंत्रावर लाल दिवा लुकलुकायला लागला. कोणी मान वर केली नाही. मी सिस्टरना म्हटलं, "तो दिवा..."

"तो तसाच. बोटाला लावायची ऑक्सिजनची क्लिप सैल आहे," त्या म्हणाल्या. "सारखा लागतो. प्रत्येक वेळी धावलो तर बाकीच्यांकडे कोण बघणार?"

त्यांचं बोलणं चालू होतं, पण मला नीट ऐकू येईना. ट्यूबलाइटचा त्रास झाला असावा. घाम आला. फोन आलाय असं सांगून जिन्यात जाऊन उभा राहिलो. परत आत गेलो तेव्हा सिस्टर दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. बाकीचे प्रश्न राहिले. तसे ते फार महत्त्वाचे नव्हते.

एक महत्त्वाची गोष्ट मात्र समजली. लाल दिव्याकडे कोणी बघत नाही. म्हणजे तो नुसताच पेशंटला आणि जवळच्या माणसाला छळतो. लाल काढून टाकायचा.

१७ जानेवारी, शुक्रवार

नवे रंग ठरले. ठीक आहे त्याला राखाडी. लक्ष ठेवायला करडा निळा. डॉक्टरांना कळवायला मातकट. आणि शेवटच्या पायरीला विटकरी, तोही धुऊन काढलेला. लुकलुकणं बंद. स्क्रीन अशी शांत दिसते की तिच्यासमोर बसून राहावंसं वाटतं. मी बराच वेळ बसलोही.

टेस्टरने बघितलं. "लाल कुठे गेला?"

मी कारणं सांगितली. एक, लालची नजरेला सवय होते. दोन, काही लोकांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. तीन, बाकीच्या रंगांशी तो जुळत नाही.

ती म्हणाली, "तू एका चुकीला कधी तीन कारणं सांगत नाहीस. खरं चौथंच काहीतरी असणार."

मी म्हटलं, तुला चूक सापडत नाही म्हणून तू कारणांत शोधतेस. उत्तरादाखल "मला पटलेलं नाही" अशी एक ओळ तिने तिच्या अहवालात लिहून ठेवली. होईलसाहेबांनी वरवर बघितलं, "क्लासी," म्हणाले.

२० जानेवारी, सोमवार

काल सुट्टी. सकाळी वहिनींचा, म्हणजे दादाच्या बायकोचा फोन आला. बायकोने घेतला. मी खूण केली की मी नाही.

फोन ठेवून ती म्हणाली, "त्यांना तुझ्याशी बोलायचं होतं."

"काय काम आहे?"

"काम नाही. तुला काहीतरी विचारायचंय त्यांना."

"मग तूच विचारून घे ना."

"मी तिथे नव्हते," बायको म्हणाली. "तू होतास."

मी विषय बदलला. घरातही रंगांचं भान आलंय मला, त्यामुळे दुपारी थोडी आवराआवर केली. टीव्हीच्या खाली एक बारीक लाल दिवा सतत जळत असतो, त्याच्यावर चिकटपट्टी लावली. गिझरच्या दिव्यावर लावली. इस्त्रीच्याही. सोफ्यावरचं डाळिंबी कव्हर काढून कपाटात ठेवलं आणि जुनं करड्या रंगाचं घातलं. खोली एकदम एकसारखी दिसायला लागली. बायको दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, म्हणेल की छान जुळलंय. ती म्हणाली, "अजून किती दिवस असं चालणार?"

तिला रंगांचं पूर्वी इतकं कौतुक होतं. हल्ली कशाचंच नसतं. चिडचिडी झाली आहे.

३० जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटलच्या लोकांना स्क्रीन दाखवली. सभागृहात पडदे ओढून, मोठ्या पडद्यावर. मुख्य डॉक्टर म्हणाले, "चांगल्या हॉटेलात आल्यासारखं वाटतं. पेशंटच्या नातेवाइकांना घाबरायला होणार नाही." होईलसाहेबांचा चेहरा खुलला. म्हणाले, "तीच तर कल्पना होती." ती कल्पना होती हे मलाही तेव्हाच कळलं.

मोठ्या सिस्टर मागच्या रांगेत होत्या. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग विचारलं, "हा खालचा आणि तो कोपऱ्यातला, हे दोन वेगळे आहेत का?"

मी म्हटलं, "हो, एक मातकट आहे, एक विटकरी."

"म्हणजे कोपऱ्यातल्याकडे धावायचं?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "मला धावावंसं वाटलं नाही, म्हणून विचारलं."

लोक हसले. होईलसाहेब म्हणाले, "सवय होईल सिस्टर, आठवड्याभरात होईल." सोमवारपासून एका वॉर्डात चाचणी. कागदी तक्ते चालूच राहतील, आमची स्क्रीन त्यांच्या जोडीला.

३ फेब्रुवारी, सोमवार

चाचणी सुरू. स्क्रीन भिंतीवर चढली. मी गेलो नाही, इथूनच सगळं दिसतं. आकडे व्यवस्थित येतायत, रंग व्यवस्थित बदलतायत.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी असून ऑफिसात आलोय. काम तसं नाही, पण वहिनी घरी येणार आहेत असं बायको काल म्हणाली होती. दोघी निवांत बोलतील, मी मध्ये कशाला.

(नंतर.) वहिनी येऊन गेल्या. बायको सांगत होती की बोलताना त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं. फार वाळल्यात म्हणे. झोप येत नाही, गोळ्या चालू आहेत. मी म्हटलं, एकट्या पडल्यात, होतं तसं. यावर बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोणी पत्ता विचारायला आलेला माणूस आहे.

दादा असताना मी दर आठवड्याला जायचो त्यांच्याकडे. हल्ली बस बदललीय मी. त्या रस्त्याने जाणारीला फार गर्दी असते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वॉर्डातून फोन आला. काल दुपारी खिडकीकडच्या कॉटवरच्या आजींचा ऑक्सिजन हळूहळू उतरत गेला. निवृत्त शिक्षिका, छातीच्या दुखण्यासाठी आल्या होत्या, परवा घरी जायच्या होत्या. त्याच वेळी अपघाताचा एक पेशंट वॉर्डात आला, सगळ्या सिस्टर तिकडे धावल्या. टेबलापाशी एकच जण होती, ती स्क्रीनसमोरच फोनवर बोलत होती. यंत्रांचे आवाज वॉर्डात बंदच ठेवतात, आणि तिला काही दिसलं नाही. आजींची मुलगी भेटायला आली, तिने आईचे ओठ बघितले आणि ती ओरडली. मग धावाधाव. आजी आयसीयूत आहेत.

होईलसाहेबांनी मला आणि टेस्टरला बसवून घेतलं. "एकच सांगा. रंग बदलला होता का?"

मी सगळा लॉग, म्हणजे क्षणाक्षणाची नोंद, काढला. बदलला होता. मातकट व्हायला हवा होता तेव्हाच झाला, विटकरीही वेळेवर. कोडमध्ये काही चूक नाही.

"मग आपलं काम चोख आहे," होईलसाहेब म्हणाले. "त्यांनी बघितलं नाही त्याला आपण काय करणार? शिवाय कागदी तक्ता होताच." त्यांनी मोठा श्वास सोडला. टेस्टर माझ्याकडे बघत होती. तिने तिच्या अहवालातली ती ओळ काढून दाखवली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने तसं केलं नाही. बाहेर आल्यावर फक्त म्हणाली, "तू दुपारी कधी गेलायस का तिकडे?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी गेलो होतो. आज हे घरी बसून लिहितोय, बायको समोरच्या खोलीत आहे. ऑफिस गाठेपर्यंत धीर धरवला नाही.

वॉर्डची मोठी खिडकी पश्चिमेला आहे. जेवणानंतर ऊन आत येतं आणि सरकत सरकत स्क्रीन लावलेल्या भिंतीवर पडतं. मी नर्सेसच्या टेबलामागे उभा राहिलो, जिथे ती सिस्टर फोनवर बोलत उभी होती. वर बघितलं. मीच निवडलेले रंग, मला तोंडपाठ. पण समोर एक सलग पट्टा होता, भिजून वाळलेल्या वर्तमानपत्रासारखा. कुठला चौकोन विटकरी ते मला सांगता आलं नाही.

खिडकीकडची कॉट रिकामी. चादर बदललेली.

मोठ्या सिस्टर येऊन शेजारी उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रागावतील, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "लाल का काढलात?"

मी सुरू केलं. "सारखा लागणारा लाल दिवा कोणी बघत नाही. तुमच्याच वॉर्डात मी बघितलं, तो लुकलुकत होता आणि कोणी..."

"ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही नाही बघत. उगाच लागतो म्हणून नाही बघत. मग उगाच लागणं बंद करायचं. लाल कशाला काढायचा?"

इतकं साधं होतं ते. माझ्याकडे तीन कारणं होती, त्यातलं एकही पुढे येईना, आणि तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "माझ्या भावाच्या कॉटशी असाच दिवा होता."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"तुम्ही होतात जवळ?"

"मीच होतो. दिवा लागला की मी हाक मारायचो. दोनदा सिस्टर आल्या. क्लिप सैल आहे म्हणाल्या, नीट लावून गेल्या. तिसऱ्यांदा मी पुन्हा हाक मारली. त्या येईपर्यंत..."

सिस्टरनी गळ्यातला चष्मा उगाच पुसला. आमच्याकडून असं होतं कधीकधी, वगैरे काही म्हणाल्या नाहीत. तिथे खरंच खुर्ची नाही. त्यांनी भिंतीशी लावलेली रिकामी व्हीलचेअर ओढली, तिचा ब्रेक पायाने दाबला आणि म्हणाल्या, "बसा जरा." मी बसलो. त्या त्यांच्या कामाला गेल्या. येणारे-जाणारे मला पेशंट समजून बाजूने जात होते. उठून उभं राहावं असं बराच वेळ वाटलं नाही.

हे इथे लिहायचं नव्हतं. ही कामाची डायरी आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजी गेल्या. काल, आयसीयूत.

मुख्य डॉक्टर होईलसाहेबांना म्हणाले की वय होतं, फुप्फुसं आधीच खराब होती, लवकर कळलं असतं तरी सांगता येत नाही. "सांगता येत नाही" हे साहेबांनी मला दोनदा ऐकवलं, धीर द्यायला. मला त्याचा धीर येत नाही. सांगता येत नाही म्हणजे दोन्ही बाजूंनी नाही. आता हे मला कधीच कळणार नाही.

मी वॉर्डात गेलो तेव्हा त्यांची मुलगी सामान न्यायला आली होती. चप्पल, शाल, एक पुस्तक, चष्म्याची डबी. माझ्या हातात लॅपटॉप बघून तिने विचारलं, "तुम्ही इथलेच का?"

म्हटलं, "ती समोरची स्क्रीन आहे ना, तिचं काम करतो."

"ती होय," ती म्हणाली. "आईला आवडली होती. पडल्या पडल्या तिला तीच दिसायची. म्हणायची, बाकी सगळं नुसतं डोळ्यांत घुसतं, हे तेवढं बरं आहे बघायला."

तिने पिशवीची गाठ मारली, मला "येते" म्हणाली, जसं काही मी त्यांच्या घरातलाच आहे, आणि गेली. तिला थांबवून सांगायला हवं होतं. काय सांगायला हवं होतं ते मात्र अजून नीट मांडता येत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लाल परत घातला. कोडमध्ये त्या रंगाचा सहा अक्षरांचा क्रमांक टाइप करायचा आणि बटण दाबायचं, एवढंच काम. सकाळी बसलो, ते दुपारी झालं. टेस्टर मध्येच खुर्ची सरकवून शेजारी येऊन बसली. तिच्या फोनमध्ये बघत बसली. ती तिथे होती म्हणून झालं.

आता लाल एकाच पायरीला आहे, बाकी कुठेही नाही. ना बटणाला, ना चुकीच्या पासवर्डला. यंत्राची क्लिप सैल झाली असेल तर त्याला वेगळं चिन्ह, वेगळा रंग. त्याला लाल मिळणार नाही. लाल झालेला चौकोन मोठा होतो आणि सगळ्यांच्या वर येऊन बसतो. पार्श्वभूमी गडद केली, म्हणजे ऊन पडलं तरी पुसला जाणार नाही. सुंदर दिसत नाही. काही जुळत नाही. दुपारच्या उन्हात मोठ्या सिस्टरना टेबलामागे उभं करून दाखवलं, चष्म्याशिवाय. लाल आला तशी त्यांची मान आपोआप वळली. "हं," म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "आता हा खोटा लागू देऊ नका."

मी त्यांना सांगितलं की आधीचे रंग मी एकट्याने ठरवले होते, प्रश्न अर्धवट सोडून आलो होतो आणि दुपारी येऊन बघितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मलाही त्या दिवशी सभागृहात नुसतं बरं म्हणायचं नव्हतं."

होईलसाहेब म्हणाले, हॉस्पिटलला कळवताना "सुधारणा" असा शब्द वापर. मी वापरला नाही. जे झालं ते साध्या शब्दांत लिहून पाठवलं. ते केबिनचं दार लावून बसलेत. नोकरीचं काय ते कळेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल वहिनींकडे गेलो. बायको बरोबर होती. मी स्वतःहून "जाऊ या" म्हटलं तेव्हा ती पायात चप्पल घालून दारात उभी राहिली.

वहिनी खरंच वाळल्यात. मला बघून गडबडल्या, "बसा, भाऊजी, बसा" म्हणत स्वतःच उभ्या राहिल्या. इकडचं तिकडचं झालं. मग त्या बोलायच्या थांबल्या आणि मला कळलं की आता विचारणार. मी आधीच सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. दिवा, क्लिप, दोनदा आलेल्या सिस्टर, तिसरी वेळ. आणि हेही सांगितलं की शेवटी मी दादाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतो, त्या दिव्याकडेच बघत होतो, म्हणून मला त्याचा चेहरा आठवत नाही, लाल तेवढा आठवतो. तुम्हाला तोंड कसं दाखवू हे समजत नव्हतं, म्हणून येत नव्हतो.

त्या ऐकत होत्या, पण मला सारखं वाटत होतं की त्या दुसऱ्याच कशाची तरी वाट बघतायत.

"आणि ते?" त्यांनी विचारलं. "ते काही म्हणाले का?"

"नाही."

"माझ्याबद्दल काही?"

"नाही वहिनी. मी पोचलो तेव्हापासून तो झोपेतच होता. तुम्ही घरी गेलात त्यानंतर जागा झालाच नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

वहिनी खाली बसल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवरच. बायको पुढे झाली, त्यांनी हातानेच तिला थांबवलं.

"त्या दिवशी सकाळी मी त्यांच्यावर ओरडले होते," त्या म्हणाल्या. "औषध थुंकून टाकलं होतं त्यांनी. मी म्हटलं, मी दमले आता तुमचं करून, आणि पर्स उचलून निघून आले. ते डोळे मिटून होते. ऐकलं की नाही मला माहीत नाही. दुपारी तुमचा फोन आला. त्यानंतर तुम्ही यायचेच बंद झालात. फोनवर यायचा नाहीत. मला वाटलं, जाताना ते तुम्हाला माझ्याबद्दल काहीतरी सांगून गेले. ते तुम्हाला माझ्यासमोर बोलता येत नाही, म्हणून तुम्ही टाळताय."

मी म्हटलं, "असं काही नव्हतं."

"आता कळलं ना," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होतो. "तेव्हाच सांगितलं असतंत, भाऊजी, तर निदान झोप तरी लागली असती मला."

त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालंय. किती महिने झाले ते मला मोजायचं नाही. बायको त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. मी उभाच होतो. मग मीही बसलो.